सातव्या झेंड्याजवळचे पाय

"पाय बघा हिचे," सर मुलांना म्हणाले. "ग्रीनची वाट अशी लागते."

विद्यापीठाच्या गोल्फच्या मैदानावर, सातव्या झेंड्याजवळ मी उभी होते. अनवाणी. हातात खुरपं. समोर मैदानाची निगा शिकायला आलेली पंधरा-वीस मुलंमुली, वह्या घेऊन. एका मुलीने तर ते लिहूनही घेतलं.

झालं होतं एवढंच. झेंड्याभोवतीच्या बारीक गवताला ग्रीन म्हणतात. त्यातलं तण काढायला मला पाठवलं होतं. मिळालेले रबरी बूट मी कडेला काढले आणि आत गेले. सवयीने. चिंचोटीजवळची ही जमीन आमची. सातवा झेंडा आहे तिथे आमचं भाताचं खाचर होतं. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूने मला बांधावरच थांबवलं होतं. "चपला काढ गो. भातात चपला घालून नाय जायाचा." तेव्हापासून त्या जागी आलं की पायातलं आपोआप निघतं. बांध गेला, भात गेलं, सवय राहिली.

सकाळीच पाणी मारलेलं. माझे चार ओले ठसे उमटले. सरांच्या बुटांना खाली खिळे होते, त्याचं कुणाला काही नाही.

सुपरवायझर धावत आला. आमच्याच गावचा, माझ्या दिराचा मित्र. मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, पुसून घ्या."

फडकं नव्हतं. मी गुडघे टेकून पदराने पुसलं, सगळ्या मुलांसमोर. लाजेने कान तापले. विद्यापीठाने जमीन घेतली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली होती. आमच्या घरातली ती माझी. नवरा कंबर धरून घरी बसलेला. ही गेली तर दुसरी नाही. म्हणून पुसलं. त्याची मला अजून चीड येते.

संध्याकाळी ऑफिसात सुपरवायझरने माफीनामा पुढे केला. मी बोट ठेवून वाचला. 'माझ्या अस्वच्छ पायांमुळे मैदान घाण झाले.'

"बूट काढले ही चूक झाली, ती लिव," मी म्हटलं. "पाय घान होते, असा नाय लिवाचा."

"एका शब्दाचा काय एवढा, वहिनी? सही करा ना. साहेब थांबलेत."

"नाय करनार."

माझाच आवाज मला परका वाटला.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चाललं नाही. तीन महिने झाले. सुपरवायझर अधूनमधून तोच कागद घेऊन घरी येतो. सही केलीत तर परत घेतील, म्हणतो. तो आला की नवरा भिंतीकडे तोंड करून पडतो. मुलीची बारावी आहे. मी चुकले असं घरात कुणी म्हणत नाही. बरं केलंस, असंही नाही. डाळीचा डबा रिकामा झाला की वाटतं, करून टाकावी सही.

आज तो पुन्हा आला. मी मोरीत पाय धुवत होते. त्याने पेन पुढे धरलं. मी दुसरा पायही धुतला, पुसला, आणि कागद घडी करून त्याच्या खिशात परत घातला.

जमीन सासऱ्यांच्या अंगठ्यावर गेली. त्यांना वाचता येत नव्हतं. मला येतं. त्या ओळीखाली माझं नाव पडणार नाही.