फलाटावरची चंद्रकळा

खजुरीच्या नव्या गुळाचा वास आला, की त्याच्यामागून कोळशाचा धूर यावा अशी एक वेडी अपेक्षा मी आजही धरून असते. पौषातल्या त्या सकाळी छोट्या गाडीच्या बायकांच्या डब्यात हे दोन वास एकमेकांत असे विरघळले होते, की प्रत्येक श्वासाने जिभेवर गोडी उतरत होती आणि नाकात काजळी. पलीकडच्या बाकावरच्या बाईच्या मांडीवर गुळाचे ताजे मडके होते. माझ्या मांडीवर हलव्याच्या दागिन्यांचा पत्र्याचा डबा होता. गाडी हिंदकळली की आम्ही दोघी आपापल्या ठेव्यावर एकदमच पाखर घालत असू आणि मग एकमेकींकडे पाहून हसत असू.

ही अरुंद रुळांची गाडी आमच्या खिदिरपूरच्या घराजवळून सुटे आणि भातशेते, केळीच्या बागा, तळी यांच्यामधून नदीकाठच्या एका गावी जाऊन थांबे. तिथे माझा मेव्हणा बंदराच्या नोकरीत होता. ताईचे लग्न वैशाखात झाले होते आणि आज तिची पहिली संक्रांत होती. कलकत्त्याच्या दमट हवेत हलव्याला काटा फुटत नाही. म्हणून उत्तरेचा वारा सुटेल त्या दिवशी आई शेगडीपुढे बसे आणि बोटे पोळवून घेत एकेका दाण्यावर पाकाचे थेंब चढवी. दाणे पांढरेशुभ्र काटेरी झाले, की घरात चांदणे सांडल्यासारखे वाटे. त्यांतून हार झाला, बांगड्या झाल्या, बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा आणि एक इवलासा मुकुट झाला.

ताईला मात्र दागिन्यांपेक्षा आईच हवी होती, तीही एका रात्रीपुरती. भावोजी कचेरीच्या कामाने शहरात आले, तेव्हा त्यांच्याकरवी तिने निरोप धाडला होता, "या खेपेला राहायचंच. गादीवर नवी चादर घालून ठेवली आहे." आईचे उत्तर ठरलेले होते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, हे तिच्या आईने पाळले होते, ती पाळणार होती. दुपारी दागिने घालायचे, हळदीकुंकू करायचे, त्याच गाडीने परत यायचे. म्हणून आमच्या पिशवीत पोळ्या होत्या, भाजी होती आणि फडके बांधलेल्या तांब्यात पाणीसुद्धा खिदिरपूरचे होते.

गाडीला मात्र कसली घाई नव्हती. धुके विरेपर्यंत ती दबकत चालली. मग शेताच्या बांधावरून एका बाईने हाक मारली, तेव्हा बदकांची टोपली घेऊन ती रुळांपर्यंत पोहोचेतो गाडी थांबली. पुढे एक गाय रुळांवर बसली होती; तिला उठवायला फायरमन उतरला, त्याच्यामागे गार्ड, त्यांच्यामागे निम्मी गाडी. मी खिडकीतून धड बाहेर काढून टाळ्या पिटत होते. मला तर त्या गायीने तिथे घर बांधले असते तरी चालले असते!

आम्ही पोहोचलो तेव्हा परतीची वेळ झालीच होती. कौलारू खोली, फणसाचे झाड, पाण्याची टाकी आणि पलीकडे नदीच्या रुपेरी पट्ट्यावर एका जहाजाचे धुरांडे: एवढेच ते स्थानक. फलाटावर ताई काळी चंद्रकळा नेसून उभी होती. तिच्यामागून कानटोपी घातलेले स्टेशनमास्तर आले आणि हिंदी-बंगालीच्या मिश्रणात म्हणाले, "मा, इंजिन पाणी पिऊन तोंड फिरवेल, की गाडी सुटली. नंतरची उद्या सकाळी."

"बघ! गाडीसुद्धा माझ्याच बाजूची आहे," ताई नाचतच म्हणाली. "चल घरी."

"घरी कशाला? इथेच करू."

"आई! फलाटावर?"

"का? फलाट तुझ्या घरात मोडत नाही. मी तिकीट काढून आले आहे."

बायकांच्या प्रतीक्षाखोलीत आईने डबा उघडला. डब्यातल्या सहप्रवासिनी दारात दाटल्या. गुळाच्या मडक्यावालीने प्रथम ताईच्या लुगड्यालाच हात लावला. "काळं? नव्या सुनेला काळं? मा गो, छी छी!"

"आमच्यात आज काळंच," आई म्हणाली आणि तिने ताईच्या मस्तकावर मुकुट टेकवला.

त्या क्षणी दारातला सगळा सूर पालटला. बंगाली नवरीच्या डोक्यावर पाणवनस्पतीच्या पांढऱ्या गराचा, शोलाचा, मुकुट असतो. हा पांढरा मुकुट, ही पांढरी बिंदी, हे पांढरे बाजूबंद पाहून त्यांना दुसरे काय वाटणार? "बिये! बिये होच्छे!" कोणीतरी फलाटाला बातमी दिली: लग्न लागते आहे! पाहता पाहता चहूबाजूंनी उलूध्वनी उठला. बायकांच्या जिभांचा तो थरथरता, ओला, रुपेरी नाद कौलांवर आपटून माझ्या अंगावर कोसळला आणि मला खरोखरच भोवळ आली. स्टेशनमास्तरांच्या घरून शंख आला. मास्तर स्वतः धावत आले, "बर कोथाय? बर?"

नवरदेव नेमका तेव्हाच सायकलवरून फाटकात शिरला. भावोजी कामावरून आम्हाला भेटायला येत होते. विजारीला चिमटे, केसांत धूळ. शहराकडे निघालेल्या फुलवाल्याने टोपलीतला झेंडूचा हार त्यांच्या गळ्यात घातला.

"अहो, माझं लग्न झालेलं आहे!" भावोजी ओरडले.

"कोणाशी?" मास्तरांनी कडक आवाजात विचारले.

"हिच्याशीच!"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "मग पुन्हा करायला काय हरकत आहे?"

हसण्याची अशी लाट उठली की मला पोट धरून बाकावर बसावे लागले. आईने समजावून सांगितले, ताईने सांगितले. पण आता कोणाला ऐकायचे होते? आईने कुंकवाची कोयरी उघडली, तशा सगळ्या कपाळे पुढे करून रांगेत उभ्या राहिल्या. ड्रायव्हर काजळलेला तळहात पुसून तिळगूळ मागायला आला. एका म्हातारीने ताईच्या कमरेचा एक दाणा अलगद तोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटून जाहीर केले, "मिष्टी!" मग काय!

"अगं, माझा कंबरपट्टा!" ताई किंचाळत होती, हसत होती, वाटून देत होती.

इंजिनाची शिट्टी झाली. गार्डाने दोनदा निशाण फडकवले, मास्तरांनी दोनदा त्याला हाताने थांबवले; तिसऱ्यांदा मात्र त्यांनीच आम्हाला हात धरून डब्यात चढवले. गाडी हलली. ताई खिडकीच्या गजाला धरून बरोबर चालू लागली. तिचे हसू अजून ओठांवर होते, डोळ्यांतून मात्र ते निघून गेले होते.

"आई, हे काढायचं कसं? सगळ्या गाठी पाठीमागे आहेत."

"जावईबापू आहेत की."

"त्यांना साधी पिशवीची गाठ सुटत नाही. ओढाताण करतील आणि सगळं तुटेल."

फलाटावरच्या मडक्यावालीला शब्द कळले नसतील, पण भावोजींचा चेहरा पाहून ती पदर तोंडाला लावून खदखदली आणि तिच्यामागून सारा फलाट. आई हसली नाही. तिने ताईच्या मुकुटाकडे पाहिले, गजावरच्या तिच्या बोटांकडे पाहिले, मग मांडीवरच्या तांब्याकडे. फडके सोडून तिने ते पाणी शांतपणे खिडकीबाहेर ओतले. ताईची बोटे गजावरून निसटली. आईने एका हाताने पदर खोचला, दुसऱ्या हाताने मला दाराकडे ढकलले आणि म्हणाली, "उतर!"