डावी कळी

विमला,

तुझ्यावर लिहू का, असं विचारलं तर म्हणालीस, "लिही, पण मला चांगली करून लिहू नकोस." मला कुणालाच चांगलं करून लिहिता येत नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला. पण तुला 'तू' म्हणून लिहायला बसले की तू कागदावरसुद्धा मध्येमध्ये बोलतेस. म्हणून इथून पुढे 'ती' म्हणते. चष्मा लाव आणि मुकाट्यानं वाच.

तर विमला. लग्न होऊन नालासोपाऱ्याजवळच्या गास गावी आली तेव्हा सासरच्या वाडीत पानवेली होत्या. पानवेली गेल्या, केळी आल्या. केळी परवडेनाशा झाल्या तसा मोगरा आला. नवरा गेला आणि निम्म्या वाडीच्या जागी सात मजली इमारत उभी राहिली. दर वेळी शेजारणी हळहळल्या आणि दर वेळी विमला म्हणाली, "देवीनं काढलं, देवीच देईल." ते ती मनापासून म्हणायची. इतकी मनापासून, की दुसऱ्यांनाही ऐकवायची. कुणाची नोकरी जावो, कुणाचं मूल जावो, विमला दारात हजर. "देवीवर टाका. ती बघते." काहींना धीर यायचा, काहींना राग यायचा. मान मात्र सगळेच द्यायचे.

मग बयोमावशी गेली. गावातल्या बाईमाणसाला शेवटची आंघोळ घालायची ती बयोमावशीनंच. आता तिच्यामागे कोण? देवळातल्या बैठकीत सगळ्यांच्या माना विमलाकडे वळल्या.

"वहिनी, देवीवर तुमच्याइतका भार टाकणारं दुसरं कोण आहे इथं?" पुजारी चंद्रहास म्हणाला.

प्रेताला हात लावायचा या विचारानंच विमलाला मळमळायचं. नवऱ्याच्याही पायांवर तिनं लांबूनच फुलं टाकली होती. आणि आत आणखी एक भीती होती, जरा हलकीच. ती घरी केळी सुकवून सुकेळी करून विकायची. प्रेत धुणाऱ्या हाताची सुकेळी कोण खाईल? पण आयुष्यभर दुसऱ्यांना 'देवीवर टाका' सांगितल्यावर हे कुठल्या तोंडानं बोलणार? ती म्हणाली, "देवीला विचारते."

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. मोगऱ्याच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्याचा प्रश्न त्यानंच कळ्या लावायच्या, असा या देवळाचा रिवाज. विमलानं उजवी कळी चांगली निथळती ओली केली आणि दाबून बसवली. डावीला पाण्याचं नुसतं बोट लावलं.

चंद्रहासचं गाऱ्हाणं संपायच्या आधीच डावी पडली.

"नको म्हणते हो आई," चंद्रहास खरोखर हळहळला. विमलानंही चेहरा पाडला. तो तिनं कसा पाडला, हे आठवलं की आजही तिचे कान तापतात.

कुंपणापलीकडची मनोरमा तेवढी हसली. तीस-बत्तीस वर्षं दोघी एकाच ओटीवर बसून गजरे करत आल्या होत्या. "सुटलीस गं! देवीची लाडकी ना तू, नावडतं काम सांगतच नाही तुला." मनोरमाला काही कळलं होतं की ती नेहमीसारखी टोमणा मारत होती, कुणास ठाऊक. विमलानं मान खाली घालून पुढचा गजरा घेतला.

पावसाळा सरता सरता मनोरमा सकाळच्या चहाला उठलीच नाही. नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधून तिची मुलगी अक्षया धावत आली. ओटीवर आठ-दहा बायका. प्रत्येकीला वाटे, आंघोळीची पद्धत दुसरीला माहीत असेल. अँब्युलन्सवाला दारातूनच म्हणाला, "लेडीज नाही आपल्याकडे. थोडं पाणी शिंपडा, चालतं."

"चालतं काय, म्हणे!" एक म्हातारी फिस्कारली. "केळी धुतोय का आम्ही? पानी तापलंय कधीचं. पन घालनार कोन?"

विमला पुढे झाली तशी अक्षयानंच तिचा हात धरला. "नको, काकू. तुम्हाला देवीनं नको म्हटलंय, आईनं सांगितलं होतं मला. माझ्यासाठी तुम्ही देवीचं मोडू नका."

मागून दोघी-तिघी म्हणाल्या, "हो बाई, नको. भलतंच काही व्हायचं."

खरं काय ते सांगून टाकायची हीच वेळ होती, दोन वाक्यांचं काम होतं ते. ते विमलाच्यानं झालं नाही. ती म्हणाली, "काल एकटीनंच पुन्हा कौल लावला. दिला देवीनं."

एक खोटं झाकायला दुसरं. आणि ते बोलून ती आत गेली.

आंघोळ कशी घालायची ते तिला ठाऊक नव्हतं. लहान मुलाला घालतो तशी घातली. मळमळ आली नाही. मनोरमाच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, सोपटाच्या दोऱ्यात फुलं ओवून ओवून पडलेले. तसेच डाग विमलाच्या बोटांवरही होते. ते निघणार नाहीत हे माहीत असूनही ती कितीतरी वेळ चोळत बसली.

तेव्हापासून हे काम तिचंच. गासमध्येच नाही, इमारतींतूनही बोलावणी येतात. कुठली कोकणातली आजी, कुठली साताऱ्याकडची सून. नातेवाईक पोचायचे असतात आणि पद्धत कुणाला माहीत नसते. लोक पाया पडतात. "देवीनं नेमलेली बाई," म्हणतात. सुकेळीही पहिल्यासारखीच खपते. पाया पडताना कुणी वाकलं की विमला पाय मागे घेते. लोकांना तो नम्रपणा वाटतो.

एकदा ती मला म्हणाली, "देवीला मी या कामासाठी हवी होते की नको होते, हे कळायची एकच वेळ होती. ती मी पाण्यात घालवली. आता जन्मभर नुसता भरवसा ठेवायचा, आणि तोही मी फसवलेल्या देवीवर."

मी म्हटलं, रडू नकोस, ऊठ. चंद्रहासला जाऊन सांग. त्याच्यासमोर पुन्हा कळ्या लाव, दोन्ही सारख्या भिजवून. मी येते बरोबर. निघालो. देवळाच्या पायरीशी तिचा फोन वाजला, आचोळ्याला कुणाची तरी आई गेली होती. ती तिथूनच रिक्षात बसली. पुढच्या खेपेला चंद्रहास लेकीकडे विरारला गेलेला. त्यानंतर दोनदा मी साडी नेसून तिच्या ओटीवर जाऊन बसले, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "आज नको गं, सोमवारी जाऊ."

सोमवार पुष्कळ झाले. आम्ही अजून गेलेलो नाही.