आधी बघून या, काका

काका गेल्याचं मला नोटीस बोर्डावरनं कळलं. सकाळी ड्युटीवर आले, बघते तर कागद... ‘आपले प्रामाणिक सुरक्षारक्षक श्री. जगताप यांचे काल दवाखान्यात दुःखद निधन झाले.’ खाली सोसायटीच्या सेक्रेटरींची सही. आणि शेजारीच त्यांच्याच सहीचा जुना कागद, ‘सायरन हे करमणुकीचे साधन नाही. दुपारी एक ते चार वाजवणाऱ्याने दुसरीकडे नोकरी शोधावी.’ तो काढायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं.

महिना झाला. मी आठवी शिकलेली, लिहायची सवय नाही, पण पोटात राहत नाही म्हणून लिहिते. कोथरूडची अकरा मजल्यांची बिल्डिंग, गेटवरच्या केबिनमध्ये मी आणि जगताप काका. माझी मुलगी दीड वर्षाची, नवऱ्याचं काम सुटलेलं, ही नोकरी गेली तर काय, एवढंच माझ्या डोक्यात सारखं. केबिनच्या भिंतीवर आगीचं पॅनेल आहे, कुठं धूर झाला की तिथला दिवा लागतो आणि ते पीं पीं करतं. मग मोठा सायरन वाजवायचा का नाही ते आपण ठरवायचं. काका आधी लगेच वाजवायचे. म्हणायचे, “पोरी, धूर खरा का खोटा ते इथं बसून कळत नाही. वाजवून चुकलो तर शिव्या खाऊ. न वाजवता चुकलो तर?”

पण निघायचं काय, तर कुणाची फोडणी करपलेली, कुणाचा धूप. झोपमोड झालेली माणसं गाऊनवर, लेंग्यावर खाली यायची. देसाई आजोबा म्हणाले, “अहो जगताप, आग लागली की बोलवा. आज नुसतीच मिरची होती.” सगळे हसले, काकापण हसले. सातव्या मजल्याच्या बाई म्हणाल्या, “वय झालंय, बदला आता यांना.” आणि मी मागं उभी राहून मान हलवली... हो, हलवली. मला माझीच किळस येते.

मग ती नोटीस लागली. काकांनी रुमालाची घडी करून पॅनेलच्या आवाजाच्या भोकांवर खोचली. दिवा लागला की गुडघे धरत जिना चढून आधी बघून यायचे. सायरन बंद, सगळे खूश. दिवाळीला काकांना मिठाईचा बॉक्सपण दिला.

त्या दुपारी तळघरातल्या मीटर रूमचा दिवा लागला. काकांचा हात बटणावर गेला आणि मीच म्हणलं, “काका, नको ना! अडीच वाजलेत. आधी बघून या.”

“अगं, मी वाजवला म्हणून सांगू. तुझं नाव नाही येणार.”

“दोघांना काढतील हो काका...”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, टॉर्च घेतली. “बरं, येतो बघून.”

वायरी जळत होत्या. रॅम्पवरनं काळा लोट आला तेव्हा मी बटण दाबलं. वरचे सगळे सुखरूप उतरले. काकांना अग्निशमनवाल्यांनी उचलून आणलं.

शोकसभेत सेक्रेटरी चहाचा कप हातात धरून म्हणाले, “जगतापांनी सायरन का वाजवला नाही, कोडंच आहे.” सगळ्यांनी माना हलवल्या. शिसारी आली मला, त्यांची सगळ्यांची. पण मी तोंड उघडलं का? नाही.

परवा दुपारी तीनला चौथ्या मजल्याचा दिवा लागला. रुमाल तसाच खोचलेला. मुलगी डोळ्यासमोर येत होती, मी रुमाल ओढला आणि बटण दाबलं. दूध करपलं होतं. तीच माणसं, तेच गाऊन. “आता ही सुरू झाली!” सेक्रेटरी म्हणाले, “आधी बघून यायला काय झालं होतं?”

मी म्हणलं, “बघून यायला गेलेले अजून आले नाहीत.”

ठेवतात का काढतात, माहीत नाही. काकांचा रुमाल माझ्या पिशवीत आहे, धुतलेला नाही, तंबाखूचा वास येतो त्याला. पॅनेल उघडं आहे. फार मोठ्यानं ओरडतं.