बॉयलरची अट कोणी काढली?

परवा आमगावजवळच्या आमच्या राइस मिलमध्ये मी भर मीटिंगमध्ये ओरडले… आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

मिलची बरीचशी वीज धानाच्या भुशावर चालणाऱ्या बॉयलरमधून येते. थोडी छतावरच्या सोलरची, उरलेली विकत. कुठल्या तासाला कुठली वीज घेतली की खर्च सगळ्यात कमी येईल, हे काढणारा प्रोग्राम मी लिहिलाय.

त्यात मी एक अट घातली होती… बॉयलर बंद केला की काही तास बंदच ठेवायचा, आणि पुन्हा तापवायचा तो हळूहळू. लोखंड एकदम तापलं की जोड सुटतात, म्हणून.

मागच्या आठवड्यात बाहेरून एक सल्लागार आले. माझ्याच प्रोग्राममधून त्यांनी काढलेल्या नव्या शेड्यूलमध्ये दुपारी सोलर चालतं तोवर बॉयलर बंद आणि ऊन उतरलं की लगेच फुल लोड! बचत बघून सगळे खूश.

पहिल्याच दिवशी घाईत तापवताना पाइपच्या जोडातून वाफ सुटली. आमचे ऑपरेटर तुरकरभाऊ शेजारीच उभे होते… हात कोपरापर्यंत भाजला.

आणि परवा हे सल्लागार म्हणतात, "चूक ऑपरेटरची आहे. शेड्यूल एकदम ऑप्टिमम आहे."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर प्रोग्राम उघडला… माझी अट गायब! का काढली विचारलं, तर म्हणे, "त्याने बचत कमी दिसत होती."

"कमी दिसत होती? माणूस भाजलाय, सर!"

मला वाटलं, गेली नोकरी.

आमचे शेठजी तोवर मोबाइलमध्येच होते. त्यांनी मान वर केली आणि सल्लागारांना म्हणाले, "ठीक है. आज आपके ही शेड्यूल से चालू करते हैं. बॉयलर के पास आप खड़े रहिए."

सल्लागारांनी गुपचूप लॅपटॉप मिटला. अट मी त्याच दुपारी परत घातली. माफी मात्र कोणीच मागितली नाही… शेठजींनीसुद्धा नाही.

संध्याकाळी मी तुरकरभाऊंच्या घरी गेले. त्यांनी विचारलं, "मॅडम, काऊन काढली होती जी ती अट?" मी कारण सांगितलं. हाताच्या पट्टीकडे बघत ते म्हणाले, "म्हंजे माहा हात त्यायच्या हिशोबातच नव्हता."



डॉक्टर म्हणतात, हात पूर्ण बरा होईल. त्याबद्दल देवाचे लाख आभार. राग मात्र गेलेला नाही… आणि तो जाऊही नये.