काकूने लेक म्हटलं आणि अर्ज अडकला

मागच्या मंगळवारी दुपारी मी दवाखान्यात कामावर असताना काकूचा फोन आला. आवाजात नुसता विजय... "आला होता एक जण चौकशी कराले. असा परतवला त्याले!"

काकू म्हणजे आमची घरमालकीण. भंडाऱ्यात तिच्या घरामागच्या दोन खोल्यांमध्ये मी आणि आई चौदा वर्षं भाड्यानं राहतो. आणि तिनं ज्याला परतवलं, तो माणूस माझ्या घरकुलाच्या अर्जाची पडताळणी करायला आला होता.

भाडेकरूंसाठीच्या योजनेत मी अर्ज भरला होता. कित्येक दिवस कागद जमवत होते, प्रत्येकाच्या तीन तीन झेरॉक्स, प्रत्येक ओळ दोनदा वाचलेली... मी आहेच तशी. बाबा लाखांदूर तालुक्यात दिघोरीकडे एका राइस मिलमध्ये होते आणि मिल गावाबाहेर, त्यामुळे दुसरीपर्यंतची माझी शाळा घरीच झाली. मिलच्या पत्र्याच्या दारावर खडूनं अक्षरं गिरवून घेताना ते म्हणायचे, "लिवशील ते खरंच पाहिजे, पोरी." बाबा गेले, सवय राहिली.

तर झालं असं. त्या साहेबांनी विचारलं, मागे भाडेकरू राहतात का? काकू म्हणाली, "भाडेकरू कायचे जी? लेक आहे माही." साहेबांनी लिहून घेतलं... अर्जदार नातेवाइकांकडे राहते.

आमच्याकडे इतकी वर्षं दारात राहिलेल्या माणसाला परक्यासमोर भाडेकरू म्हणत नाहीत, तो अपमान वाटतो. काकूनं माझा मान राखला होता. आणि मी दवाखान्याच्या काउंटरवर बसून रडकुंडीला आले होते.

दुसऱ्या दिवशी योजनेच्या ऑफिसात गेले. घरमालकाचं हमीपत्र आणा, म्हणाले, नाहीतर अर्ज बाद होईल. म्हणजे जी मला लेक म्हणते, तिच्याकडून मी तिची कोणी नाही असं लिहून आणायचं...

घरी येऊन मागच्या पायरीवर बसून राहिले, आणि एकेक आठवायला लागलं. लाखांदूरहून एसटीनं आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. काकूनं चावी दिलीच नाही आधी... "पयले जेवा, खोली कुठी पळून चालली?"

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की ती मला तिच्या माहेरी न्यायची. आकाशपाळण्यात मला बसवायची आणि स्वतः खाली डोळे गच्च मिटून उभी राहायची. दहावीचा निकाल लागला तेव्हा गल्लीत पेढे तिनंच वाटले, माझे मार्क पाच टक्क्यांनी वाढवून सांगत. मी मागून जाऊन घरोघरी खरे मार्क सांगत होते... आजही गल्लीतले लोक हसतात.

आईला म्हटलं, तू बोल काकूशी. आई म्हणाली, "मी नाही बोलत माय, मले लाज वाटते." शेवटी मीच गेले. काकू पोपटीच्या शेंगा सोलत होती.

सगळं ऐकून घेतल्यावर तिचे हात थांबले. "म्हणजे मी बोललो म्हणून तुहं घर अटकलं?"

मी मान हलवली.

"बह्याड आहो मी, येडी," ती म्हणाली. मग एकदम माझ्यावरच उसळली, "पण तू काहून सांगतलं नाही? घरासाठी अर्ज टाकते, अन् मलेच मालूम नाही?"

तिचं बरोबर होतं. आम्ही जाणार म्हटल्यावर तिला वाईट वाटेल, म्हणून मी लपवलं होतं. एवढे कागद तपासले मी, आणि सांगायला हवं होतं त्या एका माणसालाच सांगितलं नाही...

गुरुवारी काकू इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्याआधी फाटकात उभी. ऑफिसात साहेबांनी तिला लगेच ओळखलं. "आजी, परवा तर तुम्ही लेक म्हणून सांगितलं."

"मग? लेकीले घर भेटत नाही का?"

"तुमची लेक असेल तर नाही भेटत. तुमचं घर आहे ना."

"तं मंग भाडेकरू लिवा. लेक मी घरी म्हणीन."

बाजूचे दोघं-तिघं हसले, साहेबही हसले.

हमीपत्र छापीलच होतं. काकू चौथी शिकलेली, पण ऐकल्याशिवाय सही करत नाही. मला म्हणाली, "वाच मोठ्यानं." मी वाचत गेले... नाव, पत्ता, किती वर्षांपासून. मग ओळ आली, "अर्जदाराशी माझे कोणतेही नाते नाही." मी तिथेच अडखळले. दोनदा प्रयत्न केला, पण पुढे जाताच येईना.

काकूनं कागद माझ्या हातातून घेतला. "समजलं मले," म्हणाली, आणि एकेक अक्षर दाबून सही केली. चौथीतल्या मुलीसारखी, ओळीवर, नीट.

बाहेर आलो. अर्ज पुन्हा पडताळणीला गेलाय, घर मिळेल की नाही ते अजून माहीत नाही. मिळालं तरी ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

ऑटोची वाट पाहताना काकू सहज बोलल्यासारखी म्हणाली, "भेटलं तं एक खोली मले भाड्यानं देजो. मी एकटी काय करू येवढ्या घरात?"

योजनेतलं घर भाड्यानं देता येत नाही. ही अट मला तोंडपाठ आहे, कितव्या पानावर आहे तेही सांगू शकते. एरवी मी तिथल्या तिथे सांगितलं असतं...

"देईन," मी म्हणाले. काकूनं माझा हात धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही, मी नऊ वर्षांची असल्यासारखा.