सुट्टीत कपाटात ठेवलेले टॅब

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते टाकवे बुद्रुकच्या शाळेत मला शिकवणाऱ्या बाईंचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. प्रवेशाच्या दिवशी आई-वडील मजुरीवर गेले होते. लोणावळ्याला माझ्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या त्या बाई. आता मी कान्ह्याजवळच्या शाळेत शिकवतो आणि निवृत्त झालेल्या बाई आमच्या शाळेच्या समितीवर आहेत. म्हणून त्यांच्याशी वाद घालणं फार जड गेलं.

देणगीत आलेले टॅब आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटात कुलूपबंद ठेवले, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. जूनमध्ये बहुतेक सुरूच होईनात. सातवीतली एक मुलगी रोज चार्जर लावून बघायची.

"सर, ह्यो आज बी उठला न्हाई."

"झोपू दे की, त्याची सुट्टी संपली न्हाई अजून," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. माझा मात्र संताप होत होता. सातवीनंतर ही मुलं आमच्या शाळेतून जाणार, आणि वर्ष असंच चाललेलं.

लोणावळ्यातल्या दुरुस्तीवाल्याने टॅब उलटासुलटा करून पाहिला. "दोन महिने चार्जिंग नाही, बॅटरी मेलीये सर. आणि सगळं गोंदाने चिकटवलंय. उघडताना काच गेली तर मला बोलायचं नाही."

काच गेलीच. शाळेचा साधा, स्वस्तातला लॅपटॉपही त्याच कपाटात होता, त्याचीही बॅटरी गेलेली. त्याचे स्क्रू काढून दुरुस्तीवाल्याने दुसरी बसवेपर्यंत माझा चहासुद्धा संपला नव्हता.

तेवढ्यात कळलं, देणगीदार पुन्हा टॅबच देणार आहेत. होकार बाईंनी सोमवारी कळवायचा होता. मी फोन करून टॅब नकोत म्हटलं.

"अरे, पोरांना आवडतात ते. फुकट मिळालेल्याला नावं ठेवायला शिकवलं का तुला कॉलेजात?"

मी फोन ठेवला. शेवटी पत्र लिहिलं:

"ती. बाईंना सा. नमस्कार.
टॅब हलका असतो, लहान मुलांना सोपा जातो, हे मला मान्य आहे. पण आपले बंद पडलेले टॅब इथे कुणाला धड उघडता येत नाहीत. स्वस्त लॅपटॉपही सगळेच चांगले नसतात, म्हणून बॅटरी आणि कीबोर्ड बदलता येतील असेच मागावेत. कमी मिळाले तरी चालेल, एकावर तीन मुलं बसवीन. सातवीच्या मुलांसाठी एवढंच वर्ष आहे. तुम्हाला नाही म्हणायची सवय मला नाही. तरी सोमवारी टॅबला होकार कळवू नका, एवढी विनंती.
तुमचा विद्यार्थी"