लिफ्टकाका जिना चढतात

आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. ती चालवायला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे लिफ्टकाका. मी सोसायटीचा सेक्रेटरी. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण माझ्याही तोंडी लिफ्टकाकाच येतं.

"दिवसभर वर-खाली करतो, साहेब," ते म्हणायचे, "पण पाय काही हलत नाहीत."

काका-काकूंना मूलबाळ नाही. ती उणीव काकांनी लिफ्टमध्ये भरून काढली. वर्षअखेरच्या सुट्टीत घरोघरी गोळ्या-चॉकलेटांचे डबे येतात, तेव्हा काकांचे खिसेही फुगलेले असत. "एक तुला, एक मला" हा त्यांचा शिरस्ता. एक गोळी मुलाच्या हातावर, दुसरी स्वतःच्या तोंडात. पोरांना गोळीपेक्षा काकांचं ते गाल फुगवून चघळणं आवडे. इमारतीत पोरं भरपूर. तेव्हा काकांच्या पोटात किती जात असेल, याचा हिशेब न केलेलाच बरा.

यंदा सुट्टीच्या तोंडावर डॉक्टरांनी त्यांना फैलावर घेतलं. साखर वाढली होती. गोड बंद, आणि रोज चालायचं.

"यांना सांगा हो जरा," काकांचा जेवणाचा डबा द्यायला आलेल्या काकू मला म्हणाल्या. "माझं ऐकतील तर शपथ!"

"खाणं सोडीन गं," काका म्हणाले. "पण मग पोरं कशाला येतील माझ्याकडे? गोळीशिवाय मी कोण? लिफ्टची दांडी फिरवणारा म्हातारा!"

मी गोळ्यांऐवजी शेंगदाणे-फुटाणे सुचवले. चौथ्या मजल्यावरच्या दांडगोबाने ते हातावर घेऊन विचारलं, "काका, आमचं काय चुकलं?" काकांनी मुकाट्याने गोळ्या परत आणल्या, फक्त स्वतः खाणं थांबवलं. तिथेच फसले. तिसऱ्या मजल्यावरची चिमुरडी गोळी घेऊन तशीच उभी राहिली.

"तुमची कुठाय?"

"मला नको आज."

"रागावलात?"

"नाही गं बाई."

"मग मलाही नको."

दुसऱ्या दिवशी ती लिफ्टकडे न बघता जिन्याने पळाली. तिच्यामागे बाकीचीही. काका रागावलेत, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. काकांनी त्या दुपारी जेवणाचा डबा उघडलासुद्धा नाही.

"खरं काय ते सांगून टाका ना," मी म्हणालो.

"आजारी म्हातारा म्हटल्यावर आणखीनच लांब पळतील, साहेब."

पण संध्याकाळी ती पोरगी जिन्याकडे वळली, तेव्हा त्यांना राहवलं नाही. "ए चिमणे, मी नाही गं रागावलो! डॉक्टर रागावलेत माझ्यावर. गोड खाऊ नका, चाला, म्हणतात."

"मग चला की!"

काकांनी लिफ्टला कुलूप लावलं आणि तिच्यामागे निघाले. पहिल्याच वळणावर त्यांनी कठडा धरला. तेवढ्यात पाचव्या मजल्यावरचे व्यापारी वरून ओरडले, "लिफ्टकाका! झोपलात काय?"

"चढतोय, साहेब!"

"जिना? मग लिफ्ट काय शोभेला ठेवलीय?"

तक्रार माझ्याकडे आली. खोटं कारण लिहिणं माझ्या स्वभावात नाही. मी फळ्यावर सरळ लिहिलं: सुट्टी संपेपर्यंत संध्याकाळी थोडा वेळ लिफ्ट बंद, लिफ्टकाका जिन्यावर असतील. लोक कुरकुरले, पण चढले. व्यापारीही चढले, दर मजल्यावर सरकारला नावं ठेवत. सरकारचा काय संबंध, ते मी विचारलं नाही.

पोरांनी परस्पर नियम केला: पोरांना गोळी गच्चीवर पोहोचल्यावर, तीही एकेकच. गच्चीपर्यंत जायच्या पहिल्या दिवशी काकांनी गोळ्यांची पिशवी चिमुरडीकडे दिली आणि सगळी वानरसेना भुर्रकन वर गेली. मी काकांबरोबर होतो. चौथ्या मजल्यावर ते पायरीवर बसले. वरून काही आवाज येत नव्हता.

"गोळ्या घेऊन गेली असतील घरी," ते म्हणाले. "जाऊ देत. लेकरंच ती."

"बघून तर येऊ," मी म्हणालो.

ते उठले. दम खात, कठडा धरत आम्ही पोहोचलो. गच्चीच्या दारापाशी शेवटच्या पायरीवर सगळी दाटीवाटीने बसली होती, आणि पिशवीची गाठ अजून तशीच होती.

"काका, किती हो वेळ!" चिमुरडी सरकून जागा करत म्हणाली. "बसा आधी."